दोन खंडांवर सारखेच जीवाश्म सापडले, म्हणून खंड सरकले असे का मानायचे?

समुद्र पोहून किंवा मध्ये कधीकाळी असलेल्या एखाद्या भूसेतूवरून प्राणी पलीकडे गेले नसतील कशावरून, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंडवहनाची, म्हणजे खंड सरकतात ही, कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ भूसेतूच मानत होते.

पोहण्याची शक्यता लवकर निकालात निघते. मेसोसॉरस हा जेमतेम मीटरभर लांबीचा, उथळ पाण्यात राहणारा सरीसृप सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा असून, त्याचे सांगाडे दक्षिण अमेरिकेचा आग्नेय भाग आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग एवढ्याच ठिकाणी मिळतात. तो अटलांटिक ओलांडण्याइतका समर्थ असता, तर इतर किनाऱ्यांवरही आढळला असता.

माझ्या मते अधिक वजनदार साक्ष वनस्पतींची आहे. ग्लॉसोप्टेरिस या वृक्षाची जिभेच्या आकाराची पाने दामोदर खोऱ्यात आणि आपल्या विदर्भात, कोळसा असलेल्या गोंडवन खडकांत सापडतात, तशीच दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही. त्याच्या बिया वाऱ्याबरोबर महासागर ओलांडण्याजोग्या हलक्या नव्हत्या. दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने उपासमारीतही सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नव्हते. १९१२ च्या अखेरीस ते मृतदेहांजवळ मिळाले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. अंटार्क्टिकाही एकेकाळी या सर्व प्रदेशांशी जोडलेला होता, हे दाखवणारा तो पुरावा इतकी किंमत मोजून आला, हे मला विसरता येत नाही.

आता भूसेतू. खंडांचा खडक सागरतळाच्या बेसाल्टपेक्षा हलका असतो, त्यामुळे हजारो किलोमीटरचा भूभाग मागमूस न ठेवता तळाशी बुडणे शक्य नाही, हा वेगेनर यांचा आक्षेप होता. शिवाय भूसेतूने प्राणी पलीकडे जातील, हवामान जाणार नाही. आज उन्हाळ्यात होरपळणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे चुनखडकावर हिमनदीने पाडलेले ओरखडे आहेत आणि ते ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांपासून झालेल्या कोळशाच्याही आधीचे आहेत. त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही असल्यामुळे, हे सर्व भूभाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या आसपास एकत्र होते असे मानले तरच त्या खुणांची संगती लागते.

मात्र खंड कशामुळे सरकतात, हे जीवाश्म सांगत नाहीत. ते उत्तर १९६० च्या दशकात सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांच्या अभ्यासातून मिळाले; सागरतळ मधोमध नवा तयार होऊन दोन्हीकडे पसरतो, हे त्या पट्ट्यांनी दाखवले. त्यानंतर १९६९ साली अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडविन कोल्बर्ट यांनी अंटार्क्टिकात लिस्ट्रोसॉरस ओळखला. डुकराएवढा, जमिनीवर चालणारा हा प्राणी दक्षिण आफ्रिकेतून आणि बंगालमधील राणीगंज भागातून आधीच माहीत होता.