जनरल व्हायचंय, पण मध्येच अडकला तर?

नमस्कार ताई,

मुलगा अकरावी सायन्सला, त्याला थेट ‘जनरल’ व्हायचंय. वडिलांचं म्हणणं, आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू. आणि तुमची काळजी अशी, की एनडीएत (सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) गेला आणि पुढे मध्येच अडकला तर? तुमची भीती खोटी नाही, पण अडकतात नेमके कुठे ते आधी बघा.

खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, मग डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय सैन्य अकादमीत) एक वर्ष, की लेफ्टनंट. दोन वर्षांनी कॅप्टन, सहाव्या वर्षी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. काम नीट असेल आणि ठरलेल्या परीक्षा दिल्या, तर इथवर सेवेची वर्षंच नेतात. खरी चाळणी कर्नलला. तिथे निवड मंडळ बसतं. अधिकारी स्वतः समोर नसतो, त्याची फाईल असते आणि तीही नाव झाकून. वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, त्यातही तुकडीचं नेतृत्व करतानाचे, निर्णायक ठरतात. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा कोर्स केलेला असेल तर फायदा होतो. पुढे ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, प्रत्येक पायरीला पुन्हा मंडळ आणि जागा कमी. एका बॅचमधले मोजकेच वर पोचतात. नाकारला गेलेला अधिकारी नालायक नसतो, हे घरच्यांना पटवायला फार वेळ लागतो.

निवृत्तीचं वयही हुद्द्यावर ठरतं: कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. म्हणून ‘आधी इंजिनिअरिंग’ला माझा विरोध आहे. पदवीनंतरही सैन्यात जाता येतं, पण कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, उशिरा मिळालं की वर चढायला वर्षं कमी उरतात. आपल्या पुण्याचे मनोज नरवणे जून १९८० मध्ये कमिशन झाले आणि ३१ डिसेंबर २०१९ ला लष्करप्रमुख. मनोज पांडे डिसेंबर १९८२ मध्ये कमिशन झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये लष्करप्रमुख. दोघांनाही जवळजवळ चाळीस वर्षं लागली. पांडे तर लष्कराच्या इंजिनिअर्स शाखेचे, त्या शाखेतून लष्करप्रमुख झालेले पहिलेच. त्यामुळे शाखा कुठली मिळेल याचा घोर आत्ता नको.

मुलाला एवढंच विचारा: कर्नलपाशी थांबावं लागलं, तरी हे आयुष्य आवडेल का? दर दोन-तीन वर्षांनी बदली, कधी सीमेवर, कधी कुटुंब दूर. उत्तर ‘हो’ असेल तर वडिलांशी मी बोलेन. ‘नाही’ असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

तयारीत गणित धरून ठेवा. एनडीएसाठी यूपीएससीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६००. नंतर एसएसबीची (सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाची) मुलाखत ९०० गुणांची. बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो आणि वय १९च्या पुढे गेलं की लवकरच दार बंद होतं. क्लासच्या आधी रोजचं धावणं आणि इंग्रजी वर्तमानपत्र सुरू करा.

संभाजीनगरच्या एसपीआयचा (एनडीएची तयारी करून घेणाऱ्या शासकीय संस्थेचा) प्रवेश दहावीनंतर असतो, त्यामुळे याची ती वेळ गेली. पण धाकटी नववीत आहे असं तुम्ही लिहिलंय. एनडीए २०२२ पासून मुलींनाही खुली आहे आणि नाशिकला मुलींसाठी तशीच शासकीय संस्था आहे. तिला विचारलंत का?