छोट्या माहितीपटाला नेमकी किती माणसं लागतात?

तुम्ही विचारलंय की स्वतंत्र माहितीपटांच्या शेवटी जेमतेम चार-पाच नावं दिसतात, तर एवढ्या माणसांत फिल्म होते कशी? आणि दोन मित्रांना घेऊन स्वतः सुरुवात करायची असेल तर आणखी कोण हवं? मी अशाच छोट्या टीमसोबत एडिटर म्हणून काम करते, त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते.

शूटिंगच्या जागी बहुतेक वेळा तिघंच असतात: दिग्दर्शक, कॅमेरामन आणि साउंड रेकॉर्डिस्ट. कित्येकदा दोघंच, कारण कॅमेरा दिग्दर्शकाच्याच हातात असतो. पैसे वाचतात हे खरंच, पण कारण तेवढंच नाही. दहा माणसं, लाइटचे स्टँड आणि केबली घेऊन कुणाच्या घरात शिरलात की त्या घरातलं बोलणंच बदलतं. दोघं-तिघं कोपऱ्यात बसली तर थोड्या वेळाने घर आपापल्या कामाला लागतं, आणि आपल्याला हवं असतं ते त्यानंतरच मिळतं.

१९६९ चा ‘सेल्समन’ हा अमेरिकन माहितीपट अशाच टीमने केला. दारोदार बायबल विकणाऱ्यांच्या मागे अल्बर्ट मेझल्स कॅमेरा घेऊन फिरले आणि त्यांचे भाऊ डेव्हिड ध्वनिमुद्रण करत होते. संकलन शार्लट झ्वेरिन यांनी केलं. दिग्दर्शनाचं श्रेय या तिघांनाही दिलं जातं. मला हे अगदी रास्त वाटतं. माहितीपटाला आधी लिहिलेली पटकथा बहुधा नसतेच. कुठल्या माणसापासून सुरुवात करायची, कुठली गोष्ट प्रेक्षकाला उशिरा कळू द्यायची, हे फूटेज बघता बघता एडिटिंगच्या टेबलावर ठरतं. शंभर तासांचं फूटेज असेल तर नुसतं एकदा बघायलाच शंभर तास लागतात. मग मुलाखती शब्दशः उतरवून काढायच्या, पहिली जोडणी, रफ कट म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा, पुन्हा रफ कट, आणि या सगळ्यात दिग्दर्शकाला अतिशय आवडलेला प्रसंग फिल्मसाठी निरुपयोगी आहे हे त्याला पटवायचं. तो प्रसंग मिळवायला त्याने किती उन्हातान्हात वाट पाहिली हे एडिटरने पाहिलेलं नसतं, म्हणूनच हे काम त्याच्याकडे असावं.

पण टीममध्ये सगळ्यात कमी लेखला जाणारा माणूस कोण असं विचाराल तर मी साउंड रेकॉर्डिस्टचं नाव घेईन. थोडं हललेलं, अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. शब्द नीट ऐकू आले नाहीत तर मात्र तो कंटाळतो आणि फिल्म सुटते. मुलाखत संपली, सगळे उठायला लागले की चांगला रेकॉर्डिस्ट म्हणतो, ‘कुणी हलू नका, अर्धा मिनिट गप्प बसा.’ त्या अर्ध्या मिनिटात तो खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. पंख्याची घरघर, फ्रिजचा गुणगुणाट, बाहेरचा रस्ता, हे सगळं मिळून त्या खोलीचा म्हणून एक आवाज असतो. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. मी मधलं एखादं वाक्य काढते तेव्हा तिथे आवाजाला भोक पडतं आणि ते बुजवायला हीच शांतता लागते. दुसऱ्या खोलीतली शांतता तिथे चालत नाही, कान लगेच पकडतो.

त्याच्यावर आणखी एक जबाबदारी असते. कॉलरला माइक लावलेला माणूस दुसऱ्या खोलीत गेला, तिथे घरच्यांशी काही खासगी बोलला, तरी ते रेकॉर्डिस्टच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं. अशा वेळी आवाज बंद करून ‘तुमचा माइक सुरू आहे बरं का’ असं सांगणारा माणूस टीममध्ये असणं मला महागड्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाचं वाटतं.

दिवसभराचं फूटेज कॅमेऱ्याच्या कार्डवरून डिस्कवर उतरवायचं रात्रीचं काम सहसा टीममधल्या सगळ्यात तरुण माणसाकडे येतं. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने रेकॉर्ड करत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. शंभर तासांचे साडेचार टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या म्हटलं तर साडेतेरा. निदान दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन ती तपासून झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही, हा नियम सगळे झोपायला गेल्यावरही पाळणारा माणूस तो.

निर्माता अनुदानाचे अर्ज, संमतीपत्रं, संगीताचे आणि जुन्या फूटेजचे हक्क, फेस्टिव्हलच्या तारखा सांभाळतो. कंटाळवाणं काम आहे, पण संमतीपत्र किंवा हक्क नसतील तर पूर्ण झालेली फिल्मही दाखवता येत नाही. कलर (चित्राचे रंग जुळवणं), मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं) आणि सबटायटलची माणसं शेवटी थोड्या दिवसांसाठी येतात.

आणि एक माणूस असतो, जो आपली त्या वस्तीत ओळख करून देतो. त्याच्या शब्दावर लोक दार उघडतात. आपण सामान आवरून निघून जातो, तो तिथेच राहतो आणि फिल्म आली की जाब त्याला विचारतात. त्याचं नाव पडद्यावर यायलाच हवं, आणि धोका असेल तर ते त्याच्याशी बोलून झाकायला हवं. इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या सामूहिक हत्यांवरच्या, २०१२ च्या ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’ या माहितीपटात तिथल्या कितीतरी सहकाऱ्यांची नावं सुरक्षिततेसाठी ‘अनामिक’ अशीच आहेत, अगदी एका सहदिग्दर्शकाचंही. त्यामुळे श्रेयनामावली छोटी दिसली म्हणून माणसं कमी होती असं समजू नका.

तुम्ही तिघं आहात, तर दुसरा कॅमेरा घेण्याआधी आवाज सांभाळणारं माणूस शोधा. एडिटरला शूटिंग संपल्यावर नाही, मधेच बोलवा. काय राहिलंय ते तो वेळेत सांगू शकतो. आणि कुणाला कोणतं श्रेय, पैसे मिळाले तर वाटा किती, हे पहिल्या शूटिंगआधी कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. मित्र असाल तर नक्कीच घ्या.