आधी बाहेरून एक फेरी मारा

इंग्लंडमधली मध्ययुगीन गावचर्चं बघायला सुरुवात करताय, मस्त! फक्त थेट आत शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा.

नवख्यांचा ठरलेला प्रश्न: 'हे चर्च कोणत्या सालचं?' अहो, बहुतेक चर्चं तुकड्यातुकड्यांनी, शतकानुशतकं वाढलेली असतात. तेव्हा प्रश्न भिंतीगणिक विचारा. मनोऱ्याच्या पूर्व अंगावर छपराच्या आकाराची तिरकी रेघ दिसली, तर तिथे पूर्वी जास्त उंच छप्पर होतं.

तूर्त एवढंच:
- अर्धगोल कमान बहुधा नॉर्मन (१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या काळातली), साधारण १२०० च्या आधीची. टोकदार कमान त्यानंतरची.
- खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका. जुन्या भिंतीत नवी खिडकी सर्रास बसवत.
- कोरीवकाम फारच कोरं करकरीत? एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीचा संशय घ्या. इथे मीही तोंडघशी पडलोय.

पहिलं म्हणून हेरफर्डशर परगण्यातलं किलपेक गावचं चर्च गाठा. साधारण ११४० चं, फारसं न बदललेलं. छपराच्या कडेखाली दगडात कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसलेत, थेट कार्टूनमधले वाटतात! दुर्बीण न्या. तांत्रिक शब्दांचं नंतर बघू.