सरपंचपदासाठी उमेदवाराचा अनुभव पाहावा की निर्णयबुद्धी?

आमच्या विदर्भातील ग्रामपंचायतींचा विचार करता, सरपंच निवडताना अनुभवापेक्षा निर्णयबुद्धीला अधिक वजन द्यावे. ठराव कसा लिहावा, जमाखर्च कसा मांडावा हे सांगायला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो; परंतु पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ६० टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिले होते, तसे झाल्यावर उरलेल्या ४० टक्क्यांतून आधी पांदण रस्ता करायचा की अंगणवाडीची दुरुस्ती, हे शेवटी तारतम्यानेच ठरवावे लागते. शिवाय सरपंचपदाचे आरक्षण फिरते असून निम्मी पदे महिलांसाठी राखीव असल्याने, अनुभवाचाच आग्रह धरला तर प्रथमच संधी मिळालेल्या स्त्रिया व आदिवासी उमेदवार आपोआप मागे पडतात (आणि ज्यांच्या घरात पद पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना हा आग्रह सोयीचाच असतो). निर्णयबुद्धी मात्र प्रचारातील भाषणावरून जोखू नये. ग्रामसभेत ती व्यक्ती विरोधी गटाचे ऐकून घेते का आणि खर्चाचा हिशेब मागितल्यावर चिडते का, हे पाहावे. जिल्हा परिषद किंवा विधानसभेसाठी हेच उत्तर मी इतक्या ठामपणे देणार नाही, कारण तेथे अर्थसंकल्प, विषय समित्या आणि प्रशासनाशी सतत संबंध येतो व नवख्याची पहिली काही वर्षे शिकण्यातच जातात.