हस्की आणि कोंबड्या: दोस्ती नको, दोन दारं हवीत

अलास्कात पामरला घर घेतलंय, बर्फावर गाडी ओढणारे तीन हस्की कुत्रे आहेत, उन्हाळ्याच्या तोंडावर सहा कोंबड्या आणि दोन शेळ्या आणायच्यात, पिल्लांपासून एकत्र वाढवलं तर कुत्र्यांना सवय होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. एखाद्या कुत्र्याला होईलही, पण त्या भरवशावर कोंबड्या आणू नका.

मी अलास्कातच, फेअरबँक्सजवळ राहते. नऊ अलास्कन हस्की, चौदा कोंबड्या, तीन शेळ्या. आमची बिजली दोन महिन्यांची आली, त्याच आठवड्यात कोंबडीची पिल्लंही आणली होती. पिल्लं तिच्या पाठीवर चढून झोपायची. ते फोटो मी सगळ्यांना दाखवले, आईला संगमनेरला पाठवले. दीड वर्षाची झाल्यावर त्याच बिजलीने एका मार्चमध्ये पाच कोंबड्या मारल्या, माझ्या चहाला उकळी येईपर्यंत. खाल्ली एकही नाही. मानेला धरायचं, झटका द्यायचा, टाकायची, पुढची पकडायची. फडफड थांबली की तिचा त्या कोंबडीतला रस संपत होता.

ती सुटली कशी, हे ऐका. कुंपण सहा फुटी होतं. पण वाट मोकळी करताना हिवाळाभर मीच फावड्याने बर्फ कुंपणाच्या कडेला टाकत होते. तो दबून दगड झाला आणि मार्चपर्यंत कुंपण जेमतेम तीन फूट उरलं. बिजलीला उडीसुद्धा मारावी लागली नाही, जिना चढावा तशी चढून पलीकडे गेली. तुमच्या पामरला तर वारा आहे. तो हे काम फावड्याशिवाय करेल.

मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधा, असा सल्ला कुणीतरी हमखास देईल. कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही, वास फक्त आपल्याला येतो.

तेव्हा पैसे कुंपणावर घाला. खांब जमीन गोठायच्या आत रोवून घ्या, ऑक्टोबरात पहार टाकाल तर ठिणग्या उडतील. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची चौकटीची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खाली दोनेक फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून दाबा. हस्की उकरतात ते कुंपणाच्या अगदी मुळाशी, लांबून सुरुवात करायचं त्यांना सुचत नाही. खुराड्याला दोन दारं ठेवा, एक उघडताना दुसरं बंद. आणि भोवती करंटची तार ओढाच, कुत्र्यांसाठी नसली तरी अस्वलांसाठी. इथलं मत्स्य आणि वन्यजीव खातंही कोंबड्या पाळणाऱ्यांना हेच सांगतं.

आमच्याकडे नियम एकच: गाडीला जुंपायचे पट्टे, म्हणजे हार्नेस, खुंटीवरून काढायच्या आधी कोंबड्या आत. हार्नेस दिसला की नऊच्या नऊ कुत्री किंचाळत हवेत उड्या मारतात, आणि त्या गोंधळात समोरून एक कोंबडी धावत गेली तर सगळ्यात पुढचा म्होरक्या कुत्रा अख्खी टीम घेऊन वळतो. तेव्हा ‘जी’ (उजवीकडे), ‘हॉ’ (डावीकडे) काही ऐकू येत नाही. गाडी ओढून आल्यावर कुत्रा दमून पडलेला दिसतो, त्यावरही विसंबू नका.

हिवाळ्यात खरा वेळ खातं ते पाणी. उणे चाळीसला (इथे सेल्सिअस की फॅरनहाइट हा वाद मिटतो, आकडा एकच) कोंबड्यांचं पाणी बघता बघता गोठतं आणि अंडी तडकतात. कुत्र्यांना नुसतं पाणी दिलं तर हुंगून सोडून देतात, म्हणून मी मांसाचे तुकडे टाकून कोमट पाणी देते. तेव्हा चुलीवर दोन पातेली, एक कुत्र्यांचं, एक शेळ्या-कोंबड्यांचं. आमच्याकडे २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस पावणेचार तासांचाही नसतो, त्यामुळे अंडी हवी असतील तर टायमरवर साधा दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत न्या. उष्णतेचा लाल दिवा नको, कोरड्या पेंढ्यात तो पडला की खुराडं गेलंच. थंडीपेक्षा दमट हवेने तुरे जास्त गोठतात, म्हणून वरची झडप उघडी ठेवा. आखूड तुऱ्याच्या शांतेक्लेर किंवा वायनडॉट जातीच्या कोंबड्या चांगल्या टिकतात.

शेळ्यांबद्दल एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगते. घरी बोकड कापलात तर फुप्फुस, काळीज (यकृत) कच्चं कुत्र्याला टाकू नका, कितीही केविलवाणं बघू दे. त्यात पाण्याच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर आणि आपल्या हातावर येतात, आणि मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात वाढते, कित्येक वर्षं पत्ता लागू न देता. मूस आणि कॅरिबू या इथल्या मोठ्या हरणांच्या फुप्फुसांचंही तेच. शिजवून द्या, किंवा पुरून टाका, तेही खोल. पशुवैद्याला विचारून प्राझिक्वांटेल या फीतकृमीच्या औषधाचे डोस ठरवून घ्या, आणि कुत्र्यांची विष्ठा शेळ्यांच्या चाऱ्याच्या बाजूला कधीच टाकू नका. शेळ्यांच्या खाद्याच्या पोत्यावर मोनेन्सिन (खाद्यात मिसळलेलं औषध) लिहिलेलं असेल तर ते झाकणाच्या डब्यात ठेवा, कुत्र्यांना ते विषारी आहे.

शेळीला बोकड डिसेंबरात दाखवा. दीडशे दिवस धरले तर मेमध्ये विते, तोवर बर्फही गेलेला असतो आणि कुत्र्यांचा गाडी ओढायचा हंगामही. विल्यावर वार (जार) पडली की लगेच उचला. त्या वासाने आमची सगळ्यात शहाणी म्हातारी कुत्रीसुद्धा साखळीला हिसडे देत रात्रभर रडली होती.

यंदा फक्त कोंबड्या आणा, शेळ्या पुढच्या वर्षी. एक हिवाळा पाण्याच्या बादल्या वाहून झाल्यावर शेळ्या हव्यातच का, ते तुमचं तुम्हाला कळेल. आणि कुंपण झालं की फोटो पाठवा, आत्ताचा एक आणि मार्चमधला एक.