मोडेम बदलू, पण कुठला घेऊ?

प्रश्न : नमस्कार. आम्ही कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, टू बीएचके आहे. मागच्या महिन्यात १०० चा प्लॅन सोडून ३०० एमबीपीएसचा घेतला, फायबरच आहे, पण स्पीड टेस्ट लावली की आकडा ९३-९४ च्या वर सरकतच नाही आणि मुलाच्या खोलीत तर जेमतेम २५. तो घरून काम करतो, त्यामुळे बोलणी मला बसतात. कंपनीवाले म्हणतात लाईन ओके आहे, मोडेम बदला. दुकानदार म्हणतो चार अँटेनावाला घ्या. काय करू?
– एक निवृत्त वाचक

उत्तर : काका, ९४ हा आकडा वाचला आणि निम्मं उत्तर तिथंच मिळालं. तुम्ही मोडेम म्हणता तो वायफाय देणारा डबा म्हणजे राउटर, त्याची पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, १०० ची असणार, म्हणजे तिला म्हणतात फास्ट इथरनेट, १९९५ साली फास्ट होतं म्हणून ते नाव चिकटलंय ते चिकटलंय, आणि त्यातून खरा स्पीड ९४-९५ च मिळतो, मग प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर हजारचा.

पण लगेच दुकानात पळू नका. आधी वायर बघा. भिंतीवरच्या कंपनीच्या डब्यातून, ज्यात हिरव्या क्लिपची बारीक फायबर जाते ना, तिथून राउटरला जी केबल येते तिची पारदर्शक क्लिप उजेडात धरून आतल्या रंगीत तारा मोजा. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजारच्या स्पीडला, आठही लागतात आणि आपले केबलवाले कधी कधी चारच ठोकून मोकळे होतात! एखादी तार तुटली असेल तरी स्पीड १०० वर येऊन बसतो. कंपनीच्या डब्यालाही कधी एकच पोर्ट गिगाबिट असते, बाकीची १०० ची, तेव्हा केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

एवढं करून ९४ च आलं तर राउटर बदला. फक्त राउटर हं, कंपनीचा डबा नाही, तो त्यांच्याकडे रजिस्टर असतो, बाजारातला आणून लावला तर बहुतेक चालणार नाही. आणि टेलिफोनच्या वायरीचा एडीएसएल मोडेम कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. खोक्यावर १०/१००/१००० लिहिलंय का, वायफाय ६, म्हणजे वायफायची नवी पिढी, आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. अँटेना मोजू नका. खोक्यावरच्या 'एसी १२००' ला पण भुलू नका, ते वायफायच्या दोन बँडचे, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ चे ८६७, बेरीज करून फुगवलेलं असतं, कुठल्याच एका मोबाईलला तेवढं मिळत नाही, आणि अशा बऱ्याच राउटरना पोर्ट १०० चीच असते.

मुलाच्या खोलीचं दुखणं वेगळं आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण जाड भिंतीपुढे नांगी टाकतं, २.४ भिंती पार करतं पण तिथे अख्ख्या सोसायटीची गर्दी. राउटर टीव्हीमागे कोंबला असेल तर पॅसेजमध्ये उंचावर आणा. तरी नाही भागलं तर त्याच्या टेबलापर्यंत कॅट ६ केबल, म्हणजे गिगाबिट झेपणारी नेटवर्कची वायर, ओढा, भिंतीवर दिसेल थोडी, काकू कुरकुरतील, पण मीटिंग अडकणार नाही.

आणि हो, गुरुवारी लाईट जात असेल तर छोटा यूपीएस घ्या, मात्र डबा आणि राउटर दोन्हीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर लिहून न्या, एकालाच लावून उपयोग नाही.