त्याला आधी काम दे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुमच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आठ वर्षांचा एक मुलगा मानद सभासद म्हणून येतोय, त्याचे ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, उपचार चालू आहेत आणि त्याला सांभाळून घ्यायचं काम कोचने तुझ्यावर टाकलंय. "मावशी, त्याच्याशी बोलायचं काय?" असं तू विचारलंस. बोलण्याची काळजी करू नकोस. या वयाची मुलं एकदा बोलायला लागली की आपल्याला तोंड उघडायला मिळत नाही. त्याला काम काय द्यायचं ते आधी ठरव.

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून माझं आयुष्य गेलं, आधी परळला आणि मग इकडे अमेरिकेत. वॉर्डातल्या मुलाचं कौतुक उठता-बसता चाललेलं असतं. गोळी गिळली की टाळ्या, सुई टोचताना रडला नाही की स्टिकर. खेळण्यांनी खोली भरून जाते. पण त्याला कोणी काही आणायला सांगत नाही, उशीर केला म्हणून ओरडत नाही, त्याच्यावाचून कोणाचं काही अडत नाही. धाकट्या बहिणीलासुद्धा "दादाला त्रास देऊ नकोस" म्हणून दूर केलेलं असतं. आपल्याच घरात पोरगं पाहुणं होऊन बसतं. टीममध्ये त्याचं हे पाहुणेपण संपायला हवं.

आजारी मुलाला टीममध्ये घेण्याची ही पद्धत सुरू कशी झाली ते तुला माहीत असावं म्हणून सांगते. 2004 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॅकलिन मर्फी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, निघाला. तिला लॅक्रॉसचं, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचं, वेड. पुढच्या वर्षी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुलींच्या लॅक्रॉस टीमने तिला आपल्यात घेतलं आणि त्याच मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. ती टीम तिच्यामुळे जिंकली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं दोघांवरही अन्याय आहे. पण त्या मुलींनी तिच्याशी फोन-मेसेजवर सतत संबंध ठेवला. जॅकलिन बरी होऊन मोठी झाली. आपल्या मुलीला जे मिळालं ते इतरांनाही मिळावं म्हणून तिच्या वडिलांनी संस्था काढली, आणि मेंदूत गाठ झालेली मुलं आणि शाळा-कॉलेजच्या टीम यांच्या जोड्या लागू लागल्या. 2011 साली बॉस्टन भागात 'टीम इम्पॅक्ट' ही अशीच संस्था उभी राहिली. तिने कॅन्सरच्या पुढे जाऊन इतर गंभीर आणि दीर्घ आजारांची मुलंही घेतली. मूल टीमशी साधारण दोन वर्षं जोडलेलं राहतं आणि घरच्यांच्या मदतीला संस्थेची केसवर्कर (त्या कुटुंबाकडे लक्ष देणारी कार्यकर्ती) असते.

सुरुवात सही करण्याच्या समारंभाने होते. नवा खेळाडू कॉलेजशी करार करतो तसंच टेबल मांडायचं, कॉलेजची टोपी ठेवायची, मुलाने सही करायची, कॅमेऱ्यांचे फ्लॅश आणि टाळ्या. छान होतो तो दिवस, आणि त्यात तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. माझा जीव अडकतो तो त्यानंतरच्या मंगळवारी. पाऊस पडतोय, तुमची मिडटर्म जवळ आलीय, प्रॅक्टिस कंटाळवाणी आहे आणि तो बाकावर येऊन बसलाय. तेव्हा त्याच्या हातात काय असेल?

एका मुलीचं सांगते, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर ती बंद खोलीत होती. आत जायचं तर हात धुवायचे, गाऊन चढवायचा, मास्क लावायचा. एका कॉलेजच्या पोहण्याच्या टीमने तिला सभासद करून घेतलं होतं आणि त्यांच्या कोचने तिला हजेरीचं काम दिलं. पहाटेच्या प्रॅक्टिसला टीम तलावाच्या काठावर उभी राहायची, कोणीतरी व्हिडिओ कॉल लावायचं आणि ही बिछान्यातून एकेक नाव घ्यायची. आवाज बसलेला, तोंडात फोड आलेले, तरी नावं सगळी. एक पोरगी सारखी उशिरा यायची. तिच्या नावापुढे लाल पेनने फुली पडायची, आणि तिला विचारणा व्हायची, "आज काय झालं?" ती वीस वर्षांची पोरगी खाली मान घालून कारण सांगायची. सकाळच्या ड्युटीला मी आत गेले की ही माझ्यावर खेकसायची, "थांबा, माझं काम चाललंय." तिचं तापमान घ्यायला मी ताटकळत उभी राहायचे. इतका आनंद मला कुठल्याच समारंभात झाला नाही.

तुमच्या खेळात तर कामांना तोटा नाही. त्याला सर्व्हिसची वही दे. कोणाची सर्व्हिस आत पडली, कोणाची नेटमध्ये गेली, कोणाची बाहेर, एवढ्या तीन खुणा आठ वर्षांच्या मुलाला सहज जमतात. सेट संपला की वही कोचने खरंच मागायला हवी आणि खरंच वाचायला हवी. नुसतं दाखवायला दिलेलं काम असेल तर पोरं ते दुसऱ्याच दिवशी ओळखतात. हॉस्पिटलात असेल त्या दिवशी सामना ऑनलाइन बघून तो तिथूनही खुणा करू शकेल. वही भरायची राहिली तर विचारा, का राहिली? त्याने "कंटाळा आला" म्हटलं तर इतर खेळाडूंना जे ऐकावं लागतं ते त्यालाही ऐकू दे. त्याच्या आईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं तर घाबरू नकोस.

आता जरा तब्येतीचं. हे नीट वाच आणि टीमलाही वाचून दाखव. त्याला झालेल्या लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियाचे उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात. पहिले काही महिने फार जड जातात, मग मेंटेनन्सचा, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून हलकी औषधं चालू ठेवण्याचा, लांब टप्पा येतो, आणि तुमचा हा मुलगा त्या टप्प्यात आहे असं तू लिहिलंयस. म्हणजे रोज गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आणि ठरावीक आठवड्यांनी व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन व पाच दिवस स्टेरॉइड. व्हिन्क्रिस्टिनने पायातली ताकद कमी होते, मुलं पाऊल ओढत चालतात, जिना चढताना अडखळतात. त्याच्यासोबत चालताना तुम्हीच सावकाश चाला, "हळू चालू या का" असं विचारत बसू नका. स्टेरॉइडच्या दिवसांत चेहरा सुजतो, भूक भडकते, चिडचिड होते. त्या दिवसांत तो वही फेकून देईल, तुला नको नको ते बोलेल. ते औषध बोलतंय असं समज आणि दोन दिवसांनी वही पुन्हा हातात दे.

छातीत कातडीखाली बहुतेक पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायला बसवलेली छोटी डबी, असेल, तिथे बॉल लागता कामा नये. म्हणून त्याची जागा कोर्टच्या टोकाला आणि पुढे कोणीतरी उभं, हे ठरवूनच टाका. रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी 500 च्या खाली गेल्या की तो गर्दीत येणार नाही. घरचे ऐनवेळी "आज नाही" म्हणतील आणि कारण सांगतीलच असं नाही. ताप आला तर त्यांना सगळं टाकून हॉस्पिटल गाठावं लागतं, रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. टीममध्ये सर्दी-खोकला असलेलीने त्या दिवशी त्याच्याजवळ जायचं नाही. फ्लूची लस सगळ्यांनी टोचून घ्या. कोणाला कांजिण्या किंवा नागीण झाली, किंवा तसा संपर्क आल्याचं कळलं, तर त्याच दिवशी त्याच्या आईला फोन करा. अशा संपर्कानंतर जे औषध द्यायचं असतं ते वेळेत द्यावं लागतं. लाजेखातर लपवू नका.

त्याला एक बहीण आहे म्हणालीस. तिचं नाव पहिल्याच दिवशी पाठ कर. आजारी मुलाच्या भावंडांची आठवण शेवटी होते, हे मी घरोघरी पाहिलंय. तिला वेगळी टोपी, वेगळं काम दे. आई-वडिलांना स्टँडमध्ये बसू दे आणि "रिपोर्ट काय म्हणतोय" असं विचारू नकोस. आठवड्यातला तेवढाच एक तास त्यांना रिपोर्टशिवाय मिळतो.

फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचार आणि त्यालाही विचार. केस गेलेल्या डोक्याचा फोटो जगभर फिरावा की नाही हे त्याने ठरवायचं. नेब्रास्काच्या जॅक हॉफमनचा व्हिडिओ तू पाहिला असशील. 6 एप्रिल 2013 ला लिंकनच्या मैदानावर साठ हजार लोकांसमोर मेंदूचा कॅन्सर झालेला हा सात वर्षांचा मुलगा नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीममधून बॉल घेऊन 69 यार्ड पळाला. लोकांना ते 69 यार्ड आठवतात. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं मोठं वाटतं. त्या टीमच्या रेक्स बर्कहेड या खेळाडूशी त्याची गाठ 2011 सालीच पडली होती आणि बर्कहेड व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्यावरही ती मैत्री टिकली. जॅक हायस्कूलमध्ये स्वतः फुटबॉल खेळला. जानेवारी 2025 मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो गेला.

हे तुला मुद्दाम लिहिलं. तुमच्या मुलाच्या प्रकारच्या ल्युकेमियात अमेरिकेत आज दहापैकी जवळजवळ नऊ मुलं वाचतात, तेव्हा मनात भलतंसलतं आणू नकोस. पण अशी प्रत्येक मैत्री तुमच्या सोयीने पुढे जात नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू एड्रियन पेन आणि न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा मज्जापेशींचा कॅन्सर) झालेली छोटी लेसी होल्सवर्थ यांची ओळख टीमच्या हॉस्पिटल-भेटीत झाली. मार्च 2014 मध्ये घरच्या मैदानावरच्या त्याच्या शेवटच्या सामन्याला तो तिला कोर्टवर घेऊन आला, आणि 8 एप्रिलला आठ वर्षांची लेसी गेली. टीममध्ये कोणी घाबरत असेल तर तिने ते आत्ताच कोचला सांगावं. कॉलेजमध्ये समुपदेशक असतात, त्यांच्याकडे आधीच एकदा जाऊन या. भीती वाटते म्हणून अर्ध्यावर गायब होणं मात्र चालणार नाही. मुलाने आजवर फार माणसं गायब होताना पाहिलेली असतात: वर्गातले मित्र, शेजारची मुलं, कधी कधी सख्खे काकासुद्धा.

दुसरीही एक गोष्ट होते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मूल बरं होतं. शाळेत जाऊ लागतं, त्याला स्वतःची टीम मिळते आणि तुमच्या प्रॅक्टिसला यायला त्याला वेळ नसतो. तेव्हा रुसू नका. त्याच्या सामन्याला तुम्ही जा, आणि तिथे त्याने तुमच्याकडे बघितलं नाही तरी बसून राहा.

तू पुढच्या मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडशील आणि त्याचं तुमच्याकडचं अजून एक वर्ष उरलेलं असेल. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच दुसऱ्या वर्षाच्या एकदोघींना सोबत घे. आपण कधी जाणार आहोत हे त्याला जानेवारीतच सांग, तारखेसकट. "मी येत राहीन" असं म्हणू नकोस, जमणार असेल तेवढंच बोल. महिन्यातून एक फोन म्हटलंस तर तो महिन्यातून एक आलाच पाहिजे. ती तारीख तू विसरलीस तरी तो विसरणार नाही.

कोचशी बोलून वहीचं पक्कं कर आणि मला कळव. पोर्ट, ताप, लस याबद्दल टीमला काही विचारायचं असेल तर शनिवारी सगळ्यांनी मिळून फोन लावा, मी घरीच आहे. त्याचे आई-वडील मात्र त्यांच्या डॉक्टरांचं जे सांगतील ते माझ्या शब्दापेक्षा वरचं समजायचं.

तुझी,
मावशी